बटण एकदाच दाबा

टेबलाखाली उताणा पडून तो वायरी तपासत होता आणि वर त्याच टेबलावर बाई वहीत नाव लिहून घेत होत्या. समोरच्या पेशंटने दचकून विचारलं, हे खाली कोण आहे?

"लक्ष देऊ नका," बाई म्हणाल्या. "तो मशीनचा माणूस आहे. तुम्ही नाव सांगा, सावकाश सांगा."

मशीनचा माणूस. हॉस्पिटलच्या रक्ततपासणी विभागात गेले सहा आठवडे त्याची तेवढीच ओळख होती. नोंदणीसाठी हॉस्पिटलने नवा प्रोग्राम घेतला होता, आणि तो बनवणाऱ्या कंपनीचा हा माणूस. बिघडलं की दुरुस्त करायचं आणि बिघडलेलं नसेल तेव्हा लोकांना शिकवायचं, अशी दुहेरी नोकरी. शिकवण्याची वेळ फारशी यायची नाही, कारण प्रोग्राम दिवसातून तीन-चारदा अडायचा. स्क्रीन पांढरीफटक पडायची आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी हूं की चूं नाही. विभागातल्या पोरींनी प्रोग्रामचं नाव सासूबाई ठेवलं होतं. "सासूबाई रुसल्यात, या लवकर," असा फोन आला की हा दोन जिने चढून धापा टाकत यायचा आणि त्यांची समजूत काढून परत जायचा.

बाईंना मात्र या सासूबाईंशी काही कर्तव्यच नव्हतं. नोंदणीच्या टेबलावर त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती. येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्यापुढे बसायचा, नाव सांगायचा. त्या ते वहीत लिहायच्या, वाचून दाखवायच्या, रक्ताच्या नळीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायच्या आणि मगच त्याला आत सुई टोचायला पाठवायच्या. एकोणतीस वर्षांत एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती. ही गोष्ट त्या स्वतः कधी सांगत नसत, पण विभागातले बाकी सगळे सांगत. कॉम्प्युटर त्यांच्या टेबलावर बसवला तेव्हा त्यांनी त्याच्यावर रुमाल टाकला, आणि तो तसाच टाकलेला होता.

विभागाच्या प्रमुख डॉक्टर शिस्तीच्या होत्या, पण बाईंना आदेश द्यायला त्यांचीही जीभ रेटत नव्हती. त्यांनी याला बोलावून सांगितलं, त्या मशीनवर बसल्या तर सगळे बसतील. बघा काय जमतं ते.

त्याने बघितलं. हे त्याला खरोखरच जमायचं. मशीनपेक्षा माणसं त्याला लवकर कळत. एक आठवडा तो काहीही न शिकवता बाईंच्या शेजारी नुसता बसून राहिला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बाई वहीच्या कडेला बारीक अक्षरात काही लिहितात. "भोवळ येते, आडवं करून रक्त घ्या." "उजव्या कानाने ऐकू येत नाही." "सुईला घाबरते, बोलत राहा." प्रोग्राममध्ये यासाठी जागाच नव्हती. त्याने ऑफिसात भांडून शेऱ्याचा एक रकाना वाढवून घेतला, अक्षरं दुप्पट मोठी करून आणली आणि बाईंना दाखवली. बाईंनी कॉम्प्युटरवरचा रुमाल काढला आणि घडी करून खणात ठेवला.

दुसरी गोष्ट त्याला उशिरा कळली. बाईंना कॉम्प्युटर नको होता असं नव्हतं. पोरींच्या देखत शिकणं नको होतं. म्हणून तो दुपारच्या सुट्टीत यायला लागला, सगळे जेवायला गेल्यावर. कोंबडीने दाणे टिपावेत तशा बाई एका बोटाने अक्षरं टिपायच्या. चुकलं की आधी दाराकडे बघायच्या. महिनाभरात त्यांचा हात बसला. एका सोमवारी त्यांनी वही बंद केली, सगळ्यांसमोर. दुसऱ्या टेबलावरच्या दोघीजणी अजून कुरकुरत होत्या. त्यांना बाई म्हणाल्या, "मला जमलं, मग तुम्हाला काय धाड भरलीय?" पुढच्या चार दिवसांत सगळा विभाग प्रोग्रामवर आला. प्रमुख डॉक्टरांनी त्याच्या साहेबांना फोन करून त्याचं कौतुक केलं. त्या संध्याकाळी तो घरी शीळ घालत गेला.

आणि नेमका त्याच आठवड्यात त्याला तो दोष सापडला.

स्क्रीन पांढरी का पडते याच्या मागावर तो होताच. ते नेहमी अकराच्या सुमाराला व्हायचं, वॉर्डातल्या नळ्या आणि बाहेरचे पेशंट एकदम यायचे तेव्हा. दोन टेबलांवरून एकाच क्षणी नोंद सेव्ह झाली की प्रोग्राम अडायचा. इथवर ठीक होतं. पण अडलेलं असताना कुणी सेव्हचं बटण पुन्हा दाबलं, तर कधीकधी समोरच्या पेशंटच्या नावाला आधीच्या पेशंटचा क्रमांक चिकटायचा. म्हणजे एकाचं रक्त आणि दुसऱ्याचा रिपोर्ट. त्याने रिकाम्या वेळात खोटी नावं घालून करून पाहिलं. तीस वेळा केलं, तेव्हा एकदा झालं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. तिसात एकदा, तेही मुद्दाम करून, असं ते म्हणाले. पाच-सहा महिन्यांत प्रोग्रामची नवी आवृत्ती येणारच आहे, त्यात काढून टाकू. तोवर लोकांना सांग, बटण एकदाच दाबा.

"कारण सांगू ना त्यांना?" त्याने विचारलं.

"कारण सांगितलंस तर उद्या कुणी हात तरी लावेल का मशीनला? इतक्या मुश्किलीने बसवलंयस तू."

हे त्याला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. बाईंनी आत्ता कुठे वही मिटली होती. त्यांच्यापुढे जाऊन, बाई, तुमचंच बरोबर होतं, असं म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने मोठ्या अक्षरात छापलेला कागद प्रत्येक टेबलामागच्या भिंतीवर चिकटवला. 'बटण एकदाच दाबा.'

बाईंनी तो वाचला आणि विचारलं, का रे?

तो म्हणाला, मशीनला घाई आवडत नाही.

"दोनदा दाबलं तर काय होतं? चूक होते का काही?"

"नाही बाई, चूक नाही होत," तो म्हणाला. "उशीर होतो फक्त."

हे वाक्य त्याने कागद भिंतीवर नीट बसवता बसवता म्हटलं, पाठमोरा राहून. पुढे कितीतरी महिने त्याला आपण नेमकं कुठल्या आवाजात ते बोललो हे आठवत राहिलं. अगदी सहज आवाज होता. साखर कमी टाका म्हणावं तसा.

सहा आठवड्यांनी व्हायचं ते झालं. शिवणकाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, वय पन्नाशीचं. सहज म्हणून तपासणी करून गेल्या आणि रिपोर्टात साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी साखर उतरवायच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी क्लासच्या जिन्यात त्यांना घेरी आली आणि त्या सात पायऱ्या खाली आल्या. जीव वाचला, पण उजवं मनगट मोडलं. दाखल केल्यावर पुन्हा रक्त तपासलं, तर साखर वाढलेली नव्हतीच. ती होती त्यांच्याआधी नोंद झालेल्या एका माणसाची.

चौकशी प्रमुख डॉक्टरांच्या खोलीत झाली. डॉक्टर, साहेब, तो आणि बाई. प्रोग्राम स्वतःच्या सगळ्या हालचालींची नोंद ठेवतो, ते पान त्यानेच छापून आणलं होतं. अकरा वाजून सात मिनिटांनी टेबल क्रमांक एकवरून सेव्हचं बटण दोनदा दाबलं गेलं होतं. टेबल क्रमांक एक म्हणजे बाई. डॉक्टरांनी विचारलं, दोनदा दाबल्याने असं होऊ शकतं?

साहेब म्हणाले, सूचना दिलेली होती डॉक्टर. भिंतीवर लावलेली आहे.

मग डॉक्टर त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही यांना तसं समजावून सांगितलं होतं?"

साहेब टेबलावरच्या कागदाकडे बघत होते. बाई त्याच्याकडे बघत होत्या, पण धाकाने नव्हे. मुलगा परीक्षेत काय उत्तर देतो ते आईने बघावं तशा.

"हो," तो म्हणाला. "बटण एकदाच दाबायचं, हे सांगितलं होतं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. हेच त्याला पुढे सगळ्यात जास्त छळत राहिलं.

"त्याने सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "त्याचा काही दोष नाही. मला आठवत नाही दाबलेलं, पण मीच दाबलं असणार. मशीन कशाला खोटं लिहील?" मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, त्या शिवणाच्या बाई कुठल्या वॉर्डात आहेत, मला भेटता येईल का?

बाईंच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते. त्यांना नोंदणीवरून काढून तळमजल्यावरच्या भांडारात बसवलं. तिथे हातमोजे, कापूस आणि रिकाम्या नळ्यांची खोकी मागेल त्या विभागाला द्यायची, एवढंच काम. शिक्षा म्हणून नव्हे, असं डॉक्टर म्हणाल्या, आराम म्हणून. त्या शिवणाच्या बाईंचं पुढे त्याला उडत उडत कळलं. प्लास्टर निघेपर्यंत बाई दर रविवारी त्यांच्या घरी जायच्या, स्वयंपाक करून ठेवायच्या, केस विंचरून द्यायच्या. पहिल्या दिवशी म्हणे पाया पडायला वाकल्या होत्या. वयाने दहा वर्षांनी लहान असलेल्या बाईच्या.

त्याने भांडाराकडचा जिना टाळायला सुरुवात केली. तरी एकदा गाठ पडलीच. त्याला वाटलं आता बोलतील. बाईंनी विचारलं, तुझी मुलगी शाळेत जायला लागली का? रडते का? त्याने काहीतरी उत्तर दिलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार महिन्यांनी नवी आवृत्ती आली. ती बसवायला तो विभागात गेला, आणि रिवाजाप्रमाणे काय काय सुधारलं त्याची यादी सगळ्यांना वाचून दाखवली. सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'दोनदा सेव्ह केल्यास क्रमांक बदलण्याचा दोष दूर केला आहे.' सहावी ओळ वाचून त्याने आठवी वाचली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग दुसऱ्या टेबलावर एका मुलीने घाईघाईत कुणाचं तरी वय चुकीचं टाकलं, आणि तिची शेजारीण म्हणाली, "झालं, बाई केलीस."

त्याला कळेना. मुलीने हसून समजावलं, आता आमच्याकडे चूक झाली की त्याला बाई करणं म्हणतात. परवा डॉक्टरसुद्धा म्हणाल्या, आज कुणी बाई केली का?

सगळे हसले. तोही हसला. लोकांत मिसळायचं, त्यांच्या विनोदाला हसायचं, मग ते ऐकतात, ही त्याची धंद्याची सवय. ओठ हसून मोकळे झाले, मन मागाहून पोचलं. आणि तेवढ्यात सगळे एकदम गप्प झाले म्हणून त्याने वळून पाहिलं. दारात बाई उभ्या होत्या, हातमोज्यांची तीन खोकी छातीशी धरून.

त्या आत आल्या. खोकी टेबलावर ठेवली. पोचपावतीचा कागद पुढे केला, मुलीची सही घेतली, सही नीट आली का ते बघितलं आणि गेल्या. त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही. किंवा बघितलंही असेल. त्याचीच मान खाली होती.

सुट्टीच्या दिवशी बायको कपडे वाळत घालत होती, तिला चिमटे देता देता त्याने पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिने हातातली चादर दोरीवर टाकली. मग म्हणाली, इतके दिवस माझ्याशेजारी बसून जेवत होतास. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मला सांगून काय होणार? मी काय त्या बाईंची सून आहे?"

तिचं खरं होतं. तरी डॉक्टरांना पत्र लिहायला त्याने पाच आठवडे लावले. तीनदा लिहून फाडलं. दरवेळी वाचताना लक्षात यायचं की यात साहेब आले आहेत, कंपनी आली आहे, प्रोग्राम आला आहे, आपणच कुठे नाही. शेवटचं पत्र सहा ओळींचं झालं. दोष मला आधीपासून माहीत होता, बाईंनी विचारलं होतं, मी खोटं सांगितलं. सोबत तीस चाचण्यांचा कागद जोडला, तारखेसकट. ते घेऊन तो डॉक्टरांपुढे उभा राहिला, तोवर बाईंना निवृत्त होऊन नऊ दिवस झाले होते. निरोपसमारंभ त्यांनी नको म्हटला होता.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. विचारलं, किती आधीपासून? तो म्हणाला, सहा आठवडे. त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

"मीही म्हणत होते ते," त्या म्हणाल्या. "बाई केली, म्हणून."

कंपनीने त्याला आठवड्याभरात काढलं. हॉस्पिटलने बाईंच्या नावे पत्र काढलं, त्यांच्याकडून कोणतीही हयगय झालेली नाही, वगैरे. डॉक्टर म्हणाल्या, टपालाने जाईलच. पण एक प्रत तुम्ही घेऊन जा, आणि हातात द्या.

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. दुपारचे साडेतीन झाले होते. दार सुनेने उघडलं. खिडकीशी खुर्चीत बाईंचे यजमान पायावर पांघरूण घेऊन बसले होते आणि बाई खाली चटईवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्याला बघून त्यांनी बस म्हटलं. त्याने पाकीट दिलं. चष्मा आत आहे, तूच वाच, असं त्या म्हणाल्या.

त्याने वाचलं. ते सरकारी छापाचं पत्र वाचून झाल्यावर त्यांना काहीच कळलं नव्हतं हे त्याला दिसलं, मग त्याने आपल्या शब्दांत सांगितलं. बाईंचे हात चालायचे थांबले.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हो."

"मी विचारलं होतं तुला. चूक होते का, म्हणून विचारलं होतं."

"हो, बाई."

त्यांनी मांडीवरचा सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "नोकरीचं राहू दे," त्या म्हणाल्या. "ती संपणारच होती. पण मला आठवत नव्हतं रे ते. किती आठवून पाहिलं. दुसऱ्यांदा दाबल्याचं आठवेचना. मी धरून चालले, की डोकं गेलं आपलं. माझ्या आईचं गेलं होतं तसंच, शेवटी माणसं ओळखायची नाही." सुनेकडे त्यांनी हात केला. "यांची औषधं आता ही देते. कपाटाची किल्ली मी हिच्याकडे देऊन टाकली. गॅस बंद केला की हिला बघायला लावते. पेन्शनच्या कागदावर सही करताना मुलाला शेजारी बसवलं, नाव चुकेल म्हणून."

तो म्हणाला, दोनदा सगळेच दाबायचे, बाई. मी मोजलं होतं. प्रत्येक जण दिवसातून पाच-सहा वेळा. कुणालाच आठवत नाही, हाताला सवय असते. दाबल्याने काही व्हायलाच नको होतं.

बाई सुनेला म्हणाल्या, इकडे येऊन बस. आणि त्याला म्हणाल्या, "आता हेच यांना सांग. कागदातलं नको. तुझ्या तोंडाने."

त्याने सांगायला सुरुवात केली. यजमानांनी कानामागे हात धरला. त्यांना कमी ऐकू येतं, मोठ्याने बोल, असं बाई म्हणाल्या. तो मोठ्याने बोलला. तरी त्यांना कळेना, तेव्हा तो उठून त्यांच्या खुर्चीजवळ गेला आणि दार उघडं, शेजारची दारं उघडी, अशा त्या भर दुपारी ओरडून म्हणाला, "चूक मशीनची होती. मला माहीत होतं. मी बाईंशी खोटं बोललो. त्यांचं काही चुकलं नव्हतं."

म्हातारबाबांनी मान हलवली. मग बायकोकडे बघून हळूच म्हणाले, "मी तर आधीपासून म्हणतच होतो."

माफीचे शब्द त्याने जिन्यात जुळवून ठेवले होते. त्याने तोंड उघडलं, तोच बाई म्हणाल्या, ते राहू दे सध्या. आधी त्या शिवणाच्या बाईंकडे जा. आज जा. मी त्यांची माफी मागून बसलेय, ती कशाची होती ते त्यांना कळायला हवं. त्यांनी पत्ता सांगितला. त्याने तो लिहून घेतला.

चार वाजले तशी सून उठली, कपाट उघडून सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा घेऊन आली. बाईंनी तिच्यापुढे हात केला. सून क्षणभर थांबली, मग तिने डबा त्यांच्या हातात दिला.

तो दारात बुटाची नाडी बांधत होता. येतो, म्हणाला. ये, असं कुणी म्हटलं नाही. बाई आतून चष्मा घेऊन आल्या होत्या. खिडकीशी उजेडाला गोळ्यांची पट्टी तिरपी धरून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचत होत्या, एकेक शब्द, ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग त्यांनी एक गोळी काढली आणि नवऱ्याच्या पसरलेल्या तळहातावर ठेवली.